हिवाळ्यापुरती जागा

माझ्या नवऱ्याचं एका झाडावर प्रेम आहे, हे मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं. तोवर झाड माझ्या खांद्याला लागलं होतं.

एओनियम म्हणतात त्याला. कुंडीतलं झाड, जाड गुबगुबीत पानांचं. प्रत्येक फांदीच्या टोकाला पानांचं एक चक्र, उमललेल्या गुलाबासारखं, पण रंग जवळजवळ काळा. ऊन पडलं की त्याला वांग्याच्या सालीसारखी जांभळी झाक येते. घरी आलेला पाहुणा आधी म्हणतो, "वा, काय देखणं आहे!" आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "मेलंय का?"

मूळचं ते कुठल्यातरी उबदार बेटावरचं. आमचं थॉर्नलो मात्र डर्बीशायरच्या डोंगरावर, अगदी माथ्याशी. इथं ऑक्टोबरात गवत पांढरं व्हायला लागतं आणि मे संपेपर्यंत कुठल्याही सकाळी ते पांढरं असू शकतं. हा गारठा एका रात्रीत त्या पानांना मारतो. आतलं पाणी गोठतं, पान फुटतं, आणि दुसऱ्या दिवशी झाडाची उकडलेल्या कांद्यासारखी गत होते. म्हणून हिवाळाभर त्याला आत घ्यायचं. पण आत म्हणजे कुठंही चालत नाही. शेगडीजवळ ठेवलं तर ते लुळं होऊन नुसतं उंच वाढतं. अंधार चालत नाही. ओल चालत नाही. पाणी अगदी घोटभर, तेही लहर आली तर. हवा थंड हवी पण गोठवणारी नको, आणि डोक्यावर भरपूर उजेड हवा.

अशी आमच्या घरात एकच जागा होती. बाथरूम.

झाड खिडकीच्या कठड्यावर मावेनासं झाल्यापासून चार हिवाळे मी त्याच्याबरोबर आंघोळ केली. वाफेनं ओल धरते म्हणून पाणी कोमट. खिडकी किलकिली. टबात बसलं की एक फांदी कानाशी. क्लेम बाहेरून विचारायचा, "झालं का?" मला वाटायचं माझ्याबद्दल विचारतोय. दार उघडलं की तो माझ्या अंगावरून वाकून आधी झाडाची पानं चाचपायचा.

चौथ्या हिवाळ्यात माझ्या टॉवेलमध्ये पांढरे पिठ्या ढेकूण निघाले.

"माणसांना चावत नाहीत ते," क्लेम म्हणाला.

मी टॉवेल त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "येत्या ऑक्टोबरात हे झाड घरात येणार नाही. कुठंही ठेव. कुठं ठेवतोस ते मला सांगूसुद्धा नकोस."

आमच्या लग्नाला सदतीस वर्षं झाली होती. क्लेमनं आयुष्य दगडखाणीत काढलं, सुरुंगाच्या आवाजानं त्याचे कान निम्मे गेले, आणि माझ्या बोलण्यापैकी निम्मंही त्यानं कधी ऐकलं नव्हतं. हे एक वाक्य मात्र त्यानं शब्दशः पाळलं.

ऑक्टोबरात मी दोन दिवस बहिणीकडे गेले. परत आले तर अंगणातली कुंडी गायब. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. मला वाटलं, चॅपलच्या मागच्या खोलीत ठेवलं असेल. गुप्तता राखायला त्याला आणखी एक कारण होतं, आणि त्या कारणाचं नाव अर्नेस्ट स्लॅक. अर्नेस्ट आमच्या गावच्या बागकाम मंडळाचा अध्यक्ष. त्याच्याकडेही एक काळं एओनियम आहे. आमच्यापेक्षा लहान, पण बांधा सुरेख. "खाली दक्षिणेतल्या एका नर्सरीतून आणलं," असं तो सांगायचा. ऑगस्टच्या प्रदर्शनात गेली पाच वर्षं पहिलं बक्षीस, म्हणजे चांदीचा चमचा, त्याचं आणि दुसरं क्लेमचं. आपलं झाड हिवाळ्यात कुठं असतं हे अर्नेस्टला कळलं तर तो रात्री जाऊन त्याला पाणी घालून येईल, अशी क्लेमची खात्री होती.

क्लेम मग रोज सकाळी दहाच्या सुमारास बाहेर पडायला लागला. खिशात मोजपट्टी असायची. घरी आला की हात धुवायचा आणि खुशीत असायचा. मीही खुशीत होते. कढत पाण्यानं, दार लावून, एकटी आंघोळ करत होते.

ख्रिसमसच्या आधी पहिली ‘पाय’ आली, मैद्याच्या पारीत सारण भरून भट्टीत भाजतात ती. गोमांसाची, वरून पानांची नक्षी कोरलेली. आणली शेजारच्या बेरिल गूडविननं. बेरिल गेल्या वीस वर्षांत आमच्याकडे शिडी मागायला आली होती, तक्रार करायला आली होती, पण काही द्यायला कधी आली नव्हती.

"जास्तीची झाली," ती म्हणाली, आणि माझा हात हातात घेऊन उभीच राहिली. "काही लागलं तर भिंतीवर नुसती टकटक कर, हेस्टर."

दुसऱ्या दिवशी खाटकानं मेंढीची मूत्रपिंडं फुकट दिली. पोस्टातल्या बाईनं मला रांगेत पुढं घेतलं. चॅपलचे पाद्री माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही फार धीराच्या आहात." दर दोन दिवसांनी कुणी ना कुणी दारात, हातात झाकलेलं ताट. मेंढीचं, डुकराचं, बटाट्याचं, एक तर चक्क सशाचं. क्लेम सगळं मिटक्या मारत खात होता.

"लोक एवढे चांगले का वागतायत रे?" मी विचारलं.

"नाताळ आहे," क्लेम म्हणाला.

खरं सांगते, मला वाटलं, क्लेमशी सदतीस वर्षं संसार करणं म्हणजे काय असतं हे एकदाचं गावाच्या लक्षात आलं.

नाताळ संपला, पाय येतच राहिल्या. जानेवारीत एका सकाळी बेरिल पुन्हा आली, माझ्या स्वयंपाकघरात बसली आणि चहाचा पहिला घोट घ्यायच्या आतच रडायला लागली.

"मला नाही राहवत," ती म्हणाली. "तुला ठाऊक नसेल तर मी पापी ठरेन आणि ठाऊक असेल तर मूर्ख ठरेन. पण सांगतेच. क्लेम रोज हीथकोटकडे जातो."

लायोनेल हीथकोट आमच्या गावात अंत्यविधीची व्यवस्था बघतात. हाय स्ट्रीटवर त्यांचं दुकान आहे. शवपेट्या, फुलं, लांब काळी गाडी, सगळं त्यांच्याकडे. अतिशय सभ्य माणूस. पण त्यांच्या दुकानात काम असल्याशिवाय कुणी जात नाही.

"कशाला जातो?" मी विचारलं.

"तेच सांगते. मी आत्याच्या कबरीच्या दगडावरच्या अक्षरांचं विचारायला गेले होते. हीथकोट मागच्या खोलीत होते, मध्ये नुसता पडदा. आतून क्लेमचा आवाज आला. तुला माहितीये, कमी ऐकू येतं म्हणून तो किती मोठ्यानं बोलतो. म्हणत होता, माती हलकी हवी. चिकणमाती ओल धरते, मग बुडापासून कुजायला लागतं."

माझ्या हातातली किटली तशीच राहिली.

"हीथकोट म्हणाले, वाळू मिसळू का? क्लेम म्हणाला, वाळू आणि बारीक खडी. आणि आडवं अजिबात नको, उभंच. हीथकोट म्हणाले, उभंच, मिस्टर ओल्डरशॉ, म्हणजे वरून उजेडही मिळेल." बेरिलनं नाक पुसलं. "उभ्यानं पुरून घ्यायचंय त्याला, हेस्टर! उजेड येईल अशा जागी!"

"आणखी काय म्हणाला?"

"म्हणाला, मे संपेपर्यंत तग धरला की जिंकलो."

आज कुणी मला हे असंच्या असं सांगितलं तर मी हसून उठेन. पण घाबरलेल्या माणसाला अक्कल नसते. नोव्हेंबरात क्लेम डॉक्टरकडे गेला होता. "पोटाचं जरा," एवढंच म्हणाला होता. ती मोजपट्टी मला आठवली. एका क्षणात मला सगळं समजलं, आणि त्यातलं एकही अक्षर खरं नव्हतं.

"त्याला विचारू नकोस," बेरिल म्हणाली. "सांगायचं असतं तर त्यानं सांगितलं असतं. पुरुषांना वाटतं, बोललं नाही की ते होत नाही."

मी विचारलं नाही. मी दुसरंच सुरू केलं. चांगली वागायला लागले.

त्या संध्याकाळी क्लेम चिखलाचे बूट घालून थेट स्वयंपाकघरात आला, आणि मी म्हणाले, "ये. दमला असशील." तो दारातच थांबला. मागं कुणी आहे का म्हणून त्यानं वळून पाहिलं. दुसऱ्या दिवशी ओटकेक केले, ओटच्या पिठाच्या धिरड्यांसारखे, चीज आणि बेकन घालून, त्याला आवडतात तसे कडा करपवून. तिसऱ्या दिवशी डॉमिनोच्या खेळात त्याला जिंकू दिलं. क्लेम डॉमिनो इतका वाईट खेळतो की त्याला जिंकू देणं हे कष्टाचं काम आहे. तो तीनदा चुकला, मी तीनदा न पाहिल्यासारखं केलं. शेवटी जिंकल्यावर तो माझ्याकडे बघत बसला.

"काय झालं?" मी म्हणाले.

"काही नाही," तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात जेवताना मी मन घट्ट केलं. तो मेपर्यंतचाच असेल, तर माझ्या टॉवेलाचं काय घेऊन बसायचं?

"क्लेम," मी म्हणाले, "झाड आण घरी. ठेव बाथरूममध्ये. मला काही त्रास नाही त्याचा."

त्याचा चमचा थाळीत पडला. चेहरा चुन्यासारखा झाला.

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, मला आवडतं ते."

त्यानं खुर्ची मागं सारली, माझ्याजवळ आला आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "तू बरी आहेस ना, हेस्टर?"

"मला काय झालंय!" मी म्हणाले, आणि डोळ्यांत पाणी आलं म्हणून स्वयंपाकघरात पळाले. हीच माझी चूक झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठायच्या आत चहा पलंगाशी आला. सदतीस वर्षांत पहिल्यांदा. त्यात साखर होती, मी साखर घेत नाही, पण मी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. मग क्लेम भांडी घासायला लागला. पायऱ्या उतरताना माझा दंड धरायला लागला. एकदा म्हणाला, "तुझ्या बहिणीला काही दिवस बोलवायचं का? गप्पागोष्टी होतील." मला वाटलं, आपल्यामागं मी एकटी राहू नये म्हणून हा आत्तापासून तजवीज करतोय. मी पुन्हा रडले. तो पुन्हा घाबरला.

नंतर मला हीथकोटनीच सांगितलं, त्या दिवसांत क्लेम त्यांच्याकडे येऊन झाडाशेजारी एका रिकाम्या शवपेटीवर बसायचा आणि विचारायचा, "तुम्ही इतकी माणसं पाहिलीत. बाईमाणूस एकदम गोड वागायला लागलं, तर ती कशाची खूण असते?" हीथकोट म्हणाले, माझा संबंध फार उशिरा येतो, मिस्टर ओल्डरशॉ, तोवर सगळेच गोड झालेले असतात.

असे आम्ही दोघं. एकमेकांच्या हातातून भांडं ओढून घेत होतो. "तू बस." "नाही, तू बस." दाराशी आलो की आधी कुणी जायचं यावर थांबत होतो. सबंध लग्नात आम्ही एवढे सभ्य कधी नव्हतो, आणि मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

फेब्रुवारीत बर्फ पडायला लागला तो थांबेना. तिसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, दार वाजलं. बाहेर अर्नेस्ट स्लॅक. टोपी हातात, तिचा पिळून बोळा केलेला. अर्नेस्ट आमच्या घरात यापूर्वी कधीच आला नव्हता. क्लेम खुर्चीत बसला होता, गुडघ्यांवर शाल. शाल मीच घातली होती.

"बस, अर्नेस्ट," क्लेम म्हणाला, कोरडेपणानं.

"उभाच बरा आहे." अर्नेस्टनं घसा साफ केला. "क्लेम, तुला एक सांगायचंय. नंतर सांगू म्हटलं, तर नंतर कुणी पाहिलंय."

"सांग."

"माझं काळं एओनियम. दक्षिणेतल्या नर्सरीतलं."

"हं."

"ते तुझं आहे."

क्लेमनं कानामागं हात धरला.

"सहा वर्षांमागं," अर्नेस्ट म्हणाला, "प्रदर्शनाच्या तंबूत. तू चहाला गेला होतास. तुझ्या झाडाचं एक टोक मी मोडलं आणि टोपीत घातलं. हीच टोपी." त्यानं टोपी पुढं केली, जणू क्लेमला ती तपासायची होती. "मनाला फार खात होतं. तुला न सांगता तू... म्हणजे आता वेळ थोडा उरला असताना..."

क्लेम हळूहळू उठला. शाल खाली पडली.

"म्हणजे पाच वर्षं," तो म्हणाला, "पाच वर्षं मला माझ्याच पोरीनं हरवलं?"

"चिडू नकोस, क्लेम. तुझ्या प्रकृतीला बरं नाही ते."

"माझ्या प्रकृतीला काय धाड भरलीय? चोरा! पाचही बक्षिसं माझी आहेत! चांदीचे चमचे आण इकडे!"

"देतो, देतो! पण बस तू! हेस्टर, बसव त्याला!"

मी त्याचा हात धरला. "क्लेम, बस ना. एवढा जोर करू नकोस. मला माहीत आहे सगळं."

"काय माहीत आहे तुला?"

"तू मेपर्यंतच..."

"मेपर्यंत काय?"

"अरे, मरतोयस ना तू!" अर्नेस्ट ओरडला. "सगळ्या गावाला माहितीये!"

क्लेमनं आमच्या दोघांकडं पाहिलं. "मी? मी कशाला मरतोय? मरतेय ती!" आणि त्यानं बोट दाखवलं.

मी मागं वळून पाहिलं. मागं कपाटच होतं.

"मी?"

"तूच म्हणालीस, झाड घरी आण! बाथरूममध्ये ठेव! धडधाकट असतीस तर तू हे म्हणाली असतीस? मला डॉमिनोत जिंकू दिलंस! मला काय कळत नाही?"

"मग तू हीथकोटकडे रोज कशाला जातोस?"

"झाड तिथं आहे!"

"हीथकोटकडे?"

"त्यांच्या मागच्या खोलीला छतात काच आहे. थंड, कोरडी, भरपूर उजेड. त्यांना खोली तापवता येत नाही, धंदाच तसा आहे. सबंध थॉर्नलोत याहून चांगली जागा नाही. तूच म्हणालीस, कुठं ठेवतोस ते सांगू नकोस!"

"आणि डॉक्टर?"

"सशाच्या पायनं... नाही, तेव्हा ती नव्हती... तुझ्याच बहिणीच्या लोणच्यानं पोट बिघडलं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

अर्नेस्टनं टोपी सरळ केली आणि तिच्याकडे पाहिलं.

"म्हणजे कुणीच मरत नाहीये?"

"नाही," आम्ही दोघं म्हणालो.

"मग मी हे उगाचच सांगितलं," अर्नेस्ट म्हणाला.

मी हसायला लागले आणि मग ते हसणं काही केल्या थांबेना. क्लेमनं मला धरलं. त्याच्या सदऱ्याला वाळूचा आणि चहाचा वास येत होता. तो माझ्या केसांत म्हणत होता, "बाई, बाई, केवढं घाबरवलंस." मी त्याला चार गुद्दे घातले. अर्नेस्ट सभ्यपणे खिडकीबाहेर बघत उभा राहिला. मधूनमधून, "छान, छान," असं म्हणत होता.

तेवढ्यात फोन वाजला. हीथकोट होते. त्यांचा आवाज कधी चढत नाही, तो चढला होता. तीन दिवसांच्या बर्फाच्या वजनानं मागच्या खोलीची काच तडकून खाली आली होती. एक बाजू झाडावरच. आत बर्फ पडत होता, बाहेर पाणी गोठत होतं. जवळ होतं त्या कापडानं त्यांनी झाड झाकलं होतं.

क्लेम बूट घालायला लागला. "ढकलगाडी या बर्फात चालायची नाही," तो म्हणाला. "आणि मला एकट्याला ती कुंडी उचलणार नाही."

तो अर्नेस्टकडे बघेना. अर्नेस्टनं टोपी डोक्यावर घातली.

"आजी आहे ती माझ्या झाडाची," तो म्हणाला. "चल."

"आजी नाही, आई," क्लेम म्हणाला, आणि दोघं भांडत बाहेर पडले.

मी बाथरूम मोकळं केलं. खिडकी पुसली, टॉवेल काढून घेतले, जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरली. मग फाटकाशी जाऊन उभी राहिले. बर्फ थांबला होता. निम्मी गल्ली फावडी घेऊन आपापल्या दारापुढचं उकरत होती. आणि कोपऱ्यावरून हीथकोटची काळी गाडी वळली.

दुसरं वाहनच नव्हतं. एवढी उंच कुंडी कुणाच्या मोटारीत मावणार? रस्ता निसरडा म्हणून गाडी माणसाच्या चालीनं येत होती. खरंतर ती नेहमीच तशी येते. दोन्ही बाजूंच्या काचांतून आतलं दिसत होतं. शवपेटीच्या अस्तराचं पांढरं सॅटिन, आणि त्याच्याखाली काहीतरी खांद्याएवढं, थोडं कललेलं, पण उभं. त्याला कवटाळून मांडी घालून बसलेला अर्नेस्ट स्लॅक. क्लेम पुढं बसला होता, पण मोडलेली टोकं मांडीवर जपत एवढा वाकला होता की दिसतच नव्हता.

फावडी थांबली. टोप्या उतरल्या. कुणीतरी छातीवर क्रुसाची खूण केली.

बेरिल एप्रनवरच धावत आली. "उभाच!" ती किंचाळली. "हेस्टर, उभाच आणला गं त्याला!" आणि माझ्या गळ्यात पडली.

तिला समजावायला वेळ नव्हता. गाडीचं मागचं दार उघडलं होतं आणि अर्नेस्ट चुकीच्या टोकाला धरत होता.

"आधी बूड धरा!" मी ओरडले. "मानेला हात लावू नका, मोडेल! सरळ बाथरूममध्ये न्या!"

बेरिलनं माझ्या गळ्यातले हात काढले आणि माझ्याकडे पाहिलं. समोरच्या दारातून पाद्री येत होते, ते मध्येच थांबले.

"आणि ते सॅटिन ओलं झालंय," मी म्हणाले, "तेवढं इथंच काढा."

मग पुढचं दार उघडून क्लेम उतरला, दोन्ही हातांत काळ्या पानांची चक्रं घेऊन. "संध्याकाळ शुभ असो, बेरिल," तो म्हणाला. "जरा बाजूला होतेस?"

बेरिलनं पुन्हा किंकाळी फोडली. तिच्यात आनंद होता असं मला म्हणता येणार नाही.

झाडाची एक बाजू गेली. मंगळवारपर्यंत ती पानं काचेसारखी झाली, मग लोंबली, मग त्यांचं पाणी झालं. क्लेमनं धारदार चाकूनं खोड निरोगी लागेपर्यंत कापत आणलं. आतली चकती पांढरी स्वच्छ दिसली तेव्हा त्यानं श्वास सोडला. अर्नेस्ट शेजारी कंदील धरून होता आणि अजून खाली काप, अजून खाली काप, असं म्हणत होता. वाचलेली टोकं आठवडाभर आमच्या पलंगामागच्या खिडकीत सुकवली आणि वाळूत लावली.

गाव मात्र सुकलं नाही, आंबलं. माणूस मरणार म्हणून लोकांनी एवढा जीव लावला आणि तो मेला नाही, हे त्यांना फसवणुकीसारखं वाटत होतं. बेरिल दुसऱ्याच दिवशी आपलं पायचं भांडं मागायला आली. खाटकानं मूत्रपिंडांचे पैसे लावायला सुरुवात केली. पोस्टात मी रांगेच्या शेवटी. पाद्री तेवढे म्हणाले, "आनंदच आहे," पण म्हणताना दात दिसले नाहीत. "आता खरंच मेलो तर कुणी विश्वास ठेवणार नाही," क्लेम म्हणायचा.

एप्रिलात त्या टोकांना मुळं फुटली. क्लेमनं ती लहान कुंड्यांत लावली आणि ज्यांनी ज्यांनी पाय आणली होती त्या प्रत्येकाच्या दारी एकेक नेऊन दिलं. माफी मागणं त्याला जमत नाही. तो नुसता म्हणायचा, "उजेडात ठेवा, पाणी घालू नका," आणि परत फिरायचा. बेरिलनं कुंडी घेतली, दार लावलं, आणि थोड्या वेळानं भिंतीवर टकटक केली. "अजिबातच नाही घालायचं का पाणी?" तिचा आवाज आला. हीथकोटनी आपलं रोप दुकानाच्या दर्शनी खिडकीत ठेवलं. ते पाहायला माणसं काम नसताना आत शिरतात, आणि हीथकोट त्यांना चहा देतात.

ऑगस्टच्या प्रदर्शनात क्लेमनं काही मांडलं नाही. अर्नेस्टच्या झाडाला पुन्हा पहिलं बक्षीस मिळालं. दिवसभर क्लेम झाडाशेजारी खुर्ची टाकून बसला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला, "माझी मुलगी," असं सांगत होता. अर्नेस्ट दुसऱ्या बाजूला बसला होता. तो नाही म्हणाला नाही. चांदीचे चमचे त्यानं आदल्याच महिन्यात आणून दिले होते, तीन. दोन स्वतःकडे ठेवले, वाढवण्याच्या कष्टांबद्दल.

प्रदर्शनाहून परतताना चढावर आम्ही दम खायला थांबलो. मी क्लेमला विचारलं, "मी मरतेय असं वाटत होतं, तर मला विचारलं का नाहीस?"

"तू मला विचारलंस?"

"नाही."

"मला वाटलं," तो म्हणाला, "विचारलं तर तू खरं सांगशील."

मी त्याच्या दंडाला धरलं. त्यानं पुन्हा चढायला सुरुवात केली, आणि चार पावलांवर म्हणाला, "तो चहा मात्र रोज मिळणार नाही."

"त्यात साखर होती," मी म्हणाले.

"मग सांगितलं का नाहीस?" क्लेम म्हणाला, आणि घरापर्यंत आम्ही त्यावरून भांडलो.